चावी पुरती दिली तरी घड्याळ संध्याकाळी थांबते : आधी वेळ टिपा, मग झाकण उघडा

चावी पुरती दिलेली आहे. कानाशी धरले तर टिकटिक स्वच्छ ऐकू येते. दुपारपर्यंत एका मिनिटाचीही चूक नाही, आणि रात्री जेवताना बघावे तर काटे जागच्या जागी उभे. हातात घेऊन जरा हलवले की पुन्हा चालू, जणू काही झालेच नाही. दुसऱ्या दिवशी तेच.

जुनी चावीची घड्याळे हौसेने दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे दुखणे कधी ना कधी येते. सगळ्यात जास्त वेळ खाणारेही हेच. पूर्ण बंद पडलेल्या घड्याळात तुटलेला भाग डोळ्यांना दिसतो. मधेच थांबणारे घड्याळ मात्र उघडले की चालू असते, आणि चालू घड्याळात बिघाड शोधायचा कुठे? माझ्या मामांच्या एचएमटी जनताने मला या प्रश्नात चार महिने अडकवून ठेवले. कारण सापडले तेव्हा दुरुस्तीला अर्धा तास पुरला. बाकीचे चार महिने चुकीच्या जागी शोधण्यात गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी घड्याळाची ओळख. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. जनता हे त्यांचे सर्वांत ओळखीचे मॉडेल : रोज चावी द्यायची, सतरा ज्युएल (अक्षांची झीज कमी करणारे बारीक दगड), मधोमध सेकंदकाटा, आणि काही डायलांवर देवनागरी आकडे. आतले मशीन साधे, दणकट आणि शिकायला उत्तम. ते तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, त्यामुळे सुटे भाग आता बहुतेक दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावे लागतात. म्हणून एखादा भाग खराब ठरवण्याआधी खात्री करून घेणे फार महत्त्वाचे. तरी मी ती केली नव्हती.

पहिल्यांदा मी मशीन पूर्ण खोलून धुतले, नवे तेल दिले. आठवडाभर बरे चालले, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर आवळली जाणारी आणि घड्याळाला ताकद देणारी स्प्रिंग, बदलली, कारण कुणीही तेच सुचवतो. फरक शून्य. तिसऱ्यांदा गावातल्या एका घड्याळजींकडे दिले. त्यांनी साफ करून परत दिले आणि आठव्या दिवशी रात्री ते पुन्हा उभे. त्यांचीही चूक म्हणवत नाही. त्यांच्या टेबलावर ते थांबलेच नव्हते.

मग मी एक वही केली.

वहीत काय लिहायचे

रोज ठरलेल्या वेळी पूर्ण चावी द्या आणि ती वेळ लिहा. घड्याळ थांबलेले दिसले की हात लावण्याआधी तीन गोष्टी टिपा : तिन्ही काटे नेमके कुठे आहेत, घड्याळ कसे ठेवलेले होते (उताणे, पालथे की कडेवर, आणि कडेवर असेल तर चावी कोणत्या बाजूला), आणि चावी देऊन किती तास झाले. मोबाईलवर फोटो काढला तर उत्तमच. हलवून चालू केले की पुरावा गेला, म्हणून आधी फोटो, मग हात.

पाच-सहा नोंदी झाल्या की त्या शेजारी शेजारी ठेवून बघा. घड्याळातले प्रत्येक चक्र ठरावीक वेळात एक फेरी मारते, त्यामुळे बिघाड ज्या चक्रात असेल त्याचा ठसा थांबण्याच्या वेळेवर उमटतो.

सेकंदकाटा दर वेळी त्याच जागी, समजा ३५ ते ४० सेकंदांच्या मधे, थांबत असेल तर मिनिटाला एक फेरी मारणाऱ्या चक्राकडे बघा : दातात अडकलेला कापडाचा धागा, वाकलेला दात, किंवा खुद्द सेकंदकाटाच कुठेतरी घासतो आहे. तास कोणताही असो, मिनिटकाटा मात्र दर वेळी त्याच आकड्यापाशी थांबत असेल, तर तासाला एकदा फिरणारे मधले चक्र संशयित. तास आणि मिनिट दोन्ही तेच असतील, म्हणजे नेहमी पावणेतीनच्या सुमारास, तर तासकाटा डायलवर उठावाने बसवलेल्या आकड्याला किंवा खुणेला लागत असणार.

काट्यांची जागा दर वेळी वेगळी पण ठेवण्याची पद्धत तीच, उदाहरणार्थ चावी खाली करून कडेवर ठेवले की थांबते, असे असेल तर बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलून ताल धरणाऱ्या चाकाच्या, अक्षाची टोके भिंगाखाली बघा. घड्याळ पडले की सर्वांत आधी हीच टोके चेपतात. आणि काटे, स्थिती कशालाच नियम नसून फक्त चावी दिल्यावर पंधरा-वीस तासांनी थांबत असेल, तर ताकदच पोचत नाही : वाळलेले तेल किंवा थकलेली मेनस्प्रिंग. लोक सगळ्यात आधी शोधतात ते हे शेवटचे कारण. ते नेहमी नसते, इतकेच मला म्हणायचे आहे.

एक खूण कानाने ओळखता येते. शांत खोलीत ऐकताना ठोक्यांत दर सहा सेकंदांनी ठेच लागल्यासारखे वाटले तर एस्केप व्हील, म्हणजे दर ठोक्याला थोडे थोडे पुढे सरकणारे दातेरी चाक, तपासा. त्याला पंधरा दात असतात, एका फेरीत तीस ठोके पडतात, आणि सेकंदाला पाच ठोक्यांच्या हिशेबाने फेरी सहा सेकंदांत पुरी होते. एकच दात खराब असला तरी तो दर सहा सेकंदांनी बोलतो.

माझ्या वहीत काय निघाले

सकाळी सातला चावी. थांबल्याच्या वेळा अशा : रात्री ९.४७, रात्री ८.४२, संध्याकाळी ६.३१, मध्यरात्रीनंतर १.०३, पुन्हा रात्री ९.४७.

बरेच दिवस यात मला काही दिसले नाही. सेकंदकाटा वेगवेगळ्या ठिकाणी, मिनिटकाटा वेगवेगळ्या ठिकाणी. मग एका रात्री पाचही फोटो एकाखाली एक लावले आणि एकदम दिसले : प्रत्येक फोटोत मिनिटकाटा तासकाट्याला अगदी खेटून होता.

बारा तासांत दोन्ही काटे अकरा वेळा एकमेकांवर येतात. बाराला एकदा, मग साधारण १.०५, २.११, ३.१६, ४.२२, ५.२७, ६.३३, ७.३८, ८.४४, ९.४९ आणि १०.५५ ला. माझे घड्याळ दर वेळी या गाठीच्या दोन मिनिटे आधी थांबत होते. तासकाट्याला रुंदी असते, त्यामुळे मिनिटकाट्याची कड आधीच त्याला जाऊन भिडते. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी ते आधी लिहिले असते तर मेनस्प्रिंगचे पैसे वाचले असते.

मग सकाळी का थांबत नव्हते? ७.३८ ला, ८.४४ ला काटे तसेच एकमेकांवर येत होते. याची दोन कारणे निघाली. सकाळी मेनस्प्रिंग ताजी आवळलेली असते, तिच्या जोरावर घड्याळ थोडे घासत का होईना, गाठ ओलांडून जाते. दुसरे कारण माझ्या सवयीत होते. दिवसा घड्याळ मनगटावर असते. संध्याकाळी काढले की मी ते रुमालाच्या घडीवर पालथे ठेवायचो. पालथ्या घड्याळात सैल असलेली प्रत्येक गोष्ट काचेच्या दिशेने खाली सरकते, आणि या घड्याळात तासकाटा सैल होता.

अंदाज खरा की खोटा हे ठरवायला मशीनला हात लावायची गरज नव्हती. मी फक्त तासकाटा काढून ठेवला, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा परत बसवले आणि घड्याळ पालथे ठेवले. ते चावी संपेपर्यंत सलग चालले. संशयित एकच भाग बाजूला करायचा आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवून चालवायचे, ही चाचणी कुठल्याही महागड्या यंत्राहून मला जास्त भरवशाची वाटते.

डायलखाली काय होते

जे हवे होते तेच तिथे नव्हते. तासकाटा ज्या चक्रावर बसतो त्या तासचक्राच्या आणि डायलच्या मधे कागदाहून पातळ, किंचित वक्र, पितळेची एक चकती असते. तासचक्राला खाली दाबून ठेवणे एवढेच तिचे काम. ती नसेल तर तासचक्र वरखाली होते, आणि घड्याळ पालथे केले की तासकाटा मिनिटकाट्याच्या अंगावर जातो.

ती कुठे गेली याचा तर्क करता येतो. या घड्याळाचा डायल नव्याने रंगवलेला आहे. जुन्या घड्याळांना चकचकीत रंगाचे डायल चढवून विकण्याचा धंदा आपल्याकडे मोठा आहे. परदेशातले संग्राहक तर अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ या नावानेच ओळखतात. डायल काढताना ती चकती त्याच्या पाठीला चिकटून येते आणि कुणाच्या लक्षातही न येता हरवते. शिवाय नव्या रंगाचा थर मधल्या भोकाच्या कडेला जाड बसला होता. तुमच्या घड्याळाचा डायल नंतर रंगवलेला असेल, किंवा काटे त्याचे मूळचे वाटत नसतील, तर मशीनवर संशय घेण्याआधी काट्यांमधली जागा बघा. मी आता तिथूनच सुरुवात करतो.

दुरुस्ती

काटे उपसण्याआधी डायलवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, म्हणजे अवजाराचा ओरखडा रंगावर जाणार नाही. काटे दोन्ही बाजूंनी एकसारखे, सरळ वर उचला. सेकंदकाट्याची नळी इतकी बारीक असते की तिरका जोर लागला तर ती काट्यापासून सुटते.

मशीन केसमधून काढायला चावी दांडीसकट बाहेर घ्यावी लागते. तिला धरून ठेवणारा छोटा स्क्रू दांडीजवळच दिसतो. तो एक-दोन आटेच ढिला करा, पूर्ण काढू नका. पूर्ण काढला तर डायलखालची खटकी जागा सोडते आणि चावीची सगळी जुळणी नव्याने करावी लागते. पहिल्या वेळी बहुतेक जण इथे अडकतात. डायलचे पाय धरणारे दोन बारीक स्क्रू मशीनच्या कडेला असतात. तेही ढिले करण्यापुरतेच फिरवा.

चकती मी एका निकामी जनताच्या मशीनमधून काढून घातली. भोकाच्या कडेचा जाड रंग टोकदार लाकडी काडीने हलकेच उतरवला, मधे सतत फुंकर मारत, कारण ती भुकटी चक्रात गेली तर नवे दुखणे. डायल परत बसवला आणि चिमट्याने तासचक्र वरखाली करून पाहिले : अगदी थोडे हलते आणि लगेच परत बसते. असेच हवे. ते घट्ट जाम होता कामा नये.

काटे बसवताना तासकाटा आधी नेमका बारावर, डायलला समांतर. मग मिनिटकाटा, तोही बारावर. मग घड्याळ डोळ्यांच्या रेषेत आडवे धरून बाजूने बघा : डायल आणि तासकाटा, तासकाटा आणि मिनिटकाटा, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा, प्रत्येक जोडीत उजेडाची रेघ दिसली पाहिजे. चावी ओढून काटे सावकाश फिरवा आणि अकराही गाठींवर थांबून बघा. एकदा उताणे, एकदा पालथे. बाराच्या गाठीवर बघून समाधान मानू नका. काटा किंचित वाकडा असेल तर एका बाजूला जागा असते आणि समोरच्या बाजूला नसते. शेवटी सेकंदकाट्याचे टोक काचेला लागत नाही ना तेही पाहा. जुनी प्लॅस्टिकची काच बदलून कुणी बसकी काच लावली असेल तर ते लागते.

तुमच्या नोंदी वेगळे सांगत असतील तर

सेकंदकाटा अखंड फिरतो, टिकटिक चालू आहे, तरी घड्याळ तासाला दहा-पंधरा मिनिटे मागे पडते : हे थांबणे नव्हेच. कॅनन पिनियन, म्हणजे मिनिटकाटा जिच्यावर बसतो ती नळी, मधल्या अक्षावर सैल झाली आहे. खूण अशी की चावी ओढून वेळ लावताना काटे अगदी हलके, विरोध न करता फिरतात. नळी आवळता येते, पण आत योग्य जाडीची तार घातल्याशिवाय कधीही दाबू नका. ती चपटी झाली की संपली.

घड्याळ अचानक तासाला पाच-दहा मिनिटे पुढे जाऊ लागले : हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटले आहेत. हल्ली याचे मोठे कारण चुंबक. मोबाईलच्या चुंबकाच्या कव्हरशेजारी किंवा स्पीकरवर घड्याळ ठेवले की पुरे. होकायंत्राजवळ नेल्यावर बॅलन्सच्या तालात सुई थरथरली तर निदान पक्के. डीमॅग्नेटायझरचे (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्राचे) बटण दाबून धरून घड्याळ हातभर लांब नेईपर्यंत बटण सोडायचे नाही. जवळ असताना सोडले तर आणखी चुंबकत्व चढते. चुंबक नसेल तर स्प्रिंगवर तेल गेले आहे, ती धुवावी लागेल.

चावी कितीही दिली तरी शेवटचा घट्टपणा येतच नाही : मेनस्प्रिंग तुटली आहे किंवा तिचे टोक आतल्या आकड्यातून सुटले आहे. यात शोधण्यासारखे काही उरत नाही.

नियम काहीच सापडला नाही आणि ताकदीचा संशय असेल तर बॅलन्सचा झोका मोजा. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये पूर्ण चावीवर, घड्याळ उताणे ठेवून व्हिडिओ घ्या. मधल्या स्थिर जागेपासून एका टोकापर्यंत चक्राचा एक आरा किती अंश फिरतो ते दिसते. २७० अंशांच्या आसपास असेल तर मशीन निरोगी. इतक्या जुन्या घड्याळात २४०-२५० लाही मी समाधानी असतो. २०० च्या खाली गेले तर धुणे आणि तेल अटळ.

धुताना दोन गोष्टींना माझा ठाम विरोध आहे. शिवणयंत्राचे तेल घड्याळात घालू नका. ते पसरते, धूळ धरते आणि नको तिथे पोचते. वेगाने फिरणाऱ्या अक्षांना मोबियस ९०१० सारखे घड्याळाचेच पातळ तेल, सावकाश फिरणाऱ्यांना जाड तेल, आणि पॅलेटच्या, म्हणजे एस्केप व्हीलचे दात अडवून एकेक सोडणाऱ्या छोट्या तुकड्याच्या, अक्षांना तेल द्यायचेच नाही. दुसरे, पॅलेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवू नका. त्याचे दोन दगड लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरली तर घड्याळ तांदळात पुरून ठेवू नका. त्याच दिवशी मागचे झाकण उघडून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. गंज चावीच्या दांडीपासून सुरू होतो आणि तिथून डायलखाली जातो. आणि जुन्या स्विस घड्याळाच्या आकड्यांवर किंवा काट्यांवर पिवळट-तपकिरी झालेला अंधारात चमकणारा लेप असेल तर तो खरवडू नका. ते रेडियम असू शकते आणि त्याची भुकटी श्वासात जाणे धोक्याचे आहे.

जनताची शेवटची चाचणी वहीत अशी आहे : सकाळी ७ ला पूर्ण चावी, पूर्ण वेळ पालथे. दुसऱ्या दिवशी रात्री १०.०७ ला थांबले, चावी संपल्यामुळे. चालले ३९ तास. मधे काटे छत्तीस वेळा एकमेकांवरून गेले.